पासवर्ड साठवू नका, त्याचा हॅश साठवा; तोही सॉल्ट घालून आणि सावकाश

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेची जुनी वेबसाइट माझ्याकडे दुरुस्तीला आली. काम किरकोळ होतं: प्रवेशाचा फॉर्म मोबाइलवर नीट दिसत नव्हता. डेटाबेस उघडला, युजर टेबलवर आलो आणि तिथेच थांबलो. पासवर्डच्या कॉलममध्ये प्रत्येकी ३२ अक्षरांच्या ओळी होत्या. त्यातल्या काही ई१०एडीसी३९४९ अशा सुरू होत होत्या. आमच्या कामातल्या बऱ्याच जणांना ही ओळ तोंडपाठ असते. १२३४५६ या पासवर्डचा तो एमडी५ हॅश आहे, म्हणजे एमडी५ या जुन्या पद्धतीनं पासवर्डपासून बनवलेली ठरावीक लांबीची ओळ. त्याहून जास्त वेळा दुसरी एक ओळ दिसत होती, शेकडो विद्यार्थ्यांच्या नावांपुढे अगदी तीच. ऑफिसात विचारलं तेव्हा कळलं, की नवीन खातं उघडताना सगळ्यांना एकच पासवर्ड देतात आणि 'नंतर बदलून घ्या' असं सांगतात. बहुतेकांनी तो बदललेला नव्हता.

मला त्या मुलांची काळजी वाटली. ज्यांनी पासवर्ड बदलला होता, त्यांनी बहुधा आपल्या ईमेलचाच दिला असणार. आणि ईमेल हाती आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलून घेता येतात. संस्थेच्या साध्या वेबसाइटमधली हयगय अशी मुलांच्या घरापर्यंत पोचते.

त्या टेबलचं मी पुढे जे केलं, तेच इथे क्रमानं सांगतो. तुमच्याकडे एखादं वेब ॲप्लिकेशन असेल, मग ते सोसायटीचं असो की मोठ्या कंपनीचं, पायऱ्या याच.

## पहिली पायरी: आपल्या कॉलममध्ये काय आहे ते बघा

पासवर्डच्या कॉलममधल्या दहा-वीस ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचा. सरळ वाचता येणारे पासवर्ड दिसले, तर आजची बाकीची कामं बाजूला ठेवा. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, अशी ३२ अक्षरी ओळ असेल तर बहुधा एमडी५, ४० अक्षरी असेल तर शा-१, ६४ अक्षरी असेल तर शा-२५६; याही हॅशच्याच वेगवान पद्धती. ओळ ६० अक्षरी असून $२वाय$१० किंवा $२बी$१२ अशी सुरू होत असेल, तर ते बीक्रिप्ट, म्हणजे खास पासवर्डसाठी मुद्दाम सावकाश केलेली हॅशची पद्धत. सुरुवातीलाच आर्गॉन२आयडी, या त्याहून नव्या पद्धतीचं नाव असेल तर उत्तमच.

आतलं काहीच बघायला मिळत नसेल, तर बाहेरून ओळखायची एक खूण आहे. 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केल्यावर तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलनं आला, तर त्या यंत्रणेत तो जसाच्या तसा पडलेला आहे, किंवा उलगडता येईल अशा रूपात ठेवलेला आहे. दोन्ही वाईटच.

'आम्ही एन्क्रिप्ट करतो' हे उत्तरही पुरेसं नाही. एन्क्रिप्शनला किल्ली असते आणि किल्ली असली की उलट वाट असते. पासवर्ड एन्क्रिप्ट करून किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणं. अडोबीची फाइल २०१३ साली फुटली, तेव्हा तिच्यात १३ कोटींहून जास्त एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड होते. सगळ्यांना एकच किल्ली वापरलेली आणि पद्धत अशी, की सारख्या पासवर्डचं रूपही सारखंच यावं. शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या. एकाच रूपाच्या ओळी एकत्र करून त्यांच्या खुणा वाचल्या की शब्दकोडं सुटावं तसा पासवर्ड कळत होता. किल्ली कोणाच्या हाती लागण्याची गरजही पडली नाही.

## हॅश म्हणजे दळण

गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. हॅश फंक्शन असंच एकाच दिशेनं चालतं. कितीही लांबीचा मजकूर आत घातला तरी ठरावीक लांबीची ओळ बाहेर येते आणि त्या ओळीवरून मूळ मजकूर काढायची वाट नसते. मात्र तोच मजकूर पुन्हा घातला तर तीच ओळ पुन्हा येते. त्यामुळे पासवर्ड साठवायची गरजच उरत नाही. युजरनं लॉगिन करताना दिलेला पासवर्ड पुन्हा दळायचा आणि जुन्या पिठाशी ताडून बघायचा.

मग त्या शिक्षणसंस्थेच्या टेबलमध्ये चुकलं काय? तिथे हॅश होताच की. चुकलं असं, की चोर पिठाचा गहू करत बसतच नाही. तो स्वतःकडचा गहू दळत सुटतो. १२३४५६, मग नाव आणि पुढे @१२३, मग जन्मतारखा, मग आधी कुठे कुठे फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या रूपात बाहेर आले. माणसं कसे पासवर्ड ठेवतात, याचा तो तयार नमुनाच ठरला आणि आजही ती यादी हल्ल्यात पहिली वापरली जाते. प्रत्येक अंदाज दळायचा आणि चोरलेल्या कॉलममध्ये तसं पीठ कुठे आहे का ते बघायचं. जुळलं की पासवर्ड मिळाला.

एमडी५ आणि शा-१ ही फंक्शन्स मोठ्या फाइली चटकन तपासण्यासाठी केलेली आहेत. वेग हा त्यांचा गुण आहे, पण पासवर्डच्या बाबतीत नेमका तोच घात करतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या एका ग्राफिक्स कार्डावर हॅशकॅट हे सॉफ्टवेअर एका सेकंदात सुमारे १६,४०० कोटी एमडी५ हॅश काढतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे एकूण पासवर्ड होतात सुमारे २०,९०० कोटी. म्हणजे ते सगळे, एकूण एक, दीड सेकंदाच्या आत तपासून होतात.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. 'आम्ही मोबाइल नंबर हॅश करून ठेवतो, त्यामुळे तो गुप्त आहे', असं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. एकूण शक्यता ४०० कोटी. त्या कार्डाला यासाठी एक चाळिसांश सेकंद लागतो. तो नंबर गुप्त नाही.

## दुसरी पायरी: प्रत्येकाला वेगळा सॉल्ट

सॉल्ट म्हणजे प्रत्येक युजरसाठी वेगळी काढलेली यादृच्छिक अक्षरं. ती पासवर्डसोबत दळायची आणि हॅशच्या शेजारी उघडीच ठेवायची. आता दोघांचा पासवर्ड १२३४५६ असला तरी कॉलममधल्या ओळी वेगळ्या दिसतात.

ही कल्पना नवी नाही. बेल लॅब्समधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्सच्या पासवर्डांवर एक निबंध लिहिला. त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड गोळा करून तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार छोटे, फार सोपे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. माणसाचा हा स्वभाव बदलणार नाही हे ओळखून त्यांनी दोन उपाय केले: दळणं मुद्दाम सावकाश केलं आणि प्रत्येक पासवर्डात १२ बिटांचा सॉल्ट घातला. १२ बिट म्हणजे ४,०९६ वेगवेगळे सॉल्ट. आज ते अगदी तोकडे वाटतात, पण विचार पक्का होता. आपण आज जे करतो ते याच दोन उपायांचं वाढवलेलं रूप आहे.

सॉल्ट नसला की काय होतं, ते लिंक्डइनच्या बाबतीत दिसलं. जून २०१२ मध्ये सुमारे ६५ लाख हॅश इंटरनेटवर आले. सगळे शा-१, सॉल्ट कोणालाच नाही. पुढे २०१६ मध्ये कळलं, की त्याच चोरीत ११ कोटी ७० लाख खात्यांचे ईमेल आणि हॅश गेले होते. सॉल्ट नसल्यामुळे एक अंदाज एकदा दळला की तो या सगळ्या खात्यांशी एका फटक्यात ताडता येत होता. कोट्यवधी अंदाज आधीच दळून तक्ते करून ठेवायची सोयही चोरांकडे असते. फिलिप उक्सलॅं यांनी २००३ मध्ये मांडलेले रेनबो टेबल हे त्यातले सगळ्यात गाजलेले. प्रत्येक सॉल्टसाठी तक्ता वेगळा लागणार असल्यामुळे सॉल्टपुढे अशा तक्त्यांचा उपयोग संपतो.

सॉल्टबाबत मला वारंवार दिसणाऱ्या चुका सांगून ठेवतो. सगळ्यांना एकच सॉल्ट देणं ही पहिली. तो कॉन्फिग फाइलमध्ये एकदा लिहिलेला असतो आणि प्रत्येकाच्या पासवर्डला जोडला जातो. याचा अर्थ चोराला नवा तक्ता फक्त एकदाच करावा लागतो. युजरनेम किंवा ईमेल हाच सॉल्ट म्हणून वापरणं ही दुसरी. 'ॲडमिन' हे युजरनेम हजारो साइट्सवर असतं, त्यामुळे त्याचे तक्ते आधीच करून ठेवता येतात. तिसरी म्हणजे साध्या रँडम फंक्शननं किंवा घड्याळातल्या वेळेवरून सॉल्ट काढणं. सुरक्षेसाठी बनवलेला रँडम स्रोत वापरा: पीएचपीत रँडम_बाइट्स, पायथनमध्ये सीक्रेट्स, नोडमध्ये क्रिप्टोचं रँडमबाइट्स. १६ बाइट पुरतात. पासवर्ड बदलला की सॉल्टही नवा घ्या.

सॉल्ट लपवून ठेवायची धडपड मात्र करू नका. तो चोराला दिसला तरी चालतं. त्याचं काम एवढंच, की एकाची मेहनत दुसऱ्याच्या खात्यावर उपयोगी पडू नये.

## तिसरी पायरी: दळणं सावकाश करा

सॉल्ट घातला म्हणजे झालं, असं समजून बहुतेक जण इथेच थांबतात. म्हणून आकडेमोड करून दाखवतो.

समजा टेबलमध्ये १ लाख युजर आहेत आणि चोराकडे १ कोटी नेहमीच्या पासवर्डांची यादी आहे. सॉल्ट नाही आणि एमडी५ आहे: त्याला १ कोटी हॅश काढावे लागतात, ते डोळ्याची पापणी लवायच्या आत होतात. आता प्रत्येकाला वेगळा सॉल्ट दिला. प्रत्येक युजरसाठी १ कोटी अंदाज पुन्हा दळावे लागतील, म्हणजे एकूण १ लाख कोटी. ऐकायला प्रचंड. पण मघाचं कार्ड सेकंदाला १६,४०० कोटी दळतं. सगळं काम सहा-सात सेकंदांत आटोपतं.

सॉल्टनं काम लाखपट वाढवलं आणि तरी चोराला चहा संपवायचीही उसंत मिळाली नाही. दोष सॉल्टचा नाही, एमडी५च्या वेगाचा आहे.

आता तेच बीक्रिप्टनं, कॉस्ट १२ ठेवून. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कॉस्ट हा आकडा असतो. तो एकानं वाढवला की वेळ दुप्पट होतो. कॉस्ट १२ वर तेच कार्ड सेकंदाला जेमतेम १,४०० च्या आसपास अंदाज तपासू शकतं. १ लाख कोटी अंदाजांना मग २२ वर्षं लागतात. सहा सेकंद कुठे आणि २२ वर्षं कुठे! आपल्या खऱ्या युजरला मात्र लॉगिन करताना एकदाच, साधारण पाव सेकंद जास्त लागतो. त्याला ते कळतही नाही.

या हिशोबाची दुसरी बाजूही बघायला हवी. २२ वर्षं लागतात ती सगळ्या युजरांना मिळून. चोराला एकच माणूस हवा असेल, तर त्याच्यासाठी १ कोटींची यादी दोन तासांत संपते. आणि पासवर्ड जन्मतारीख असेल तर? शंभर वर्षांच्या तारखा होतात ३६,५०० च्या आसपास. बीक्रिप्ट, कॉस्ट १२, वेगळा सॉल्ट असं सगळं नीट असूनही अर्ध्या मिनिटात काम खलास. आपल्याकडे कित्येक संस्था विद्यार्थ्याला किंवा सभासदाला जन्मतारीख हाच पहिला पासवर्ड देतात. कृपा करून हे बंद करा. त्याऐवजी एकदाच चालणारी, थोड्या वेळात बाद होणारी लिंक पाठवा आणि पासवर्ड त्याचा त्यालाच ठेवू द्या.

'एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह' या सक्तीनंही फार फरक पडत नाही. तिच्यातून 'गणेश@१२३' सारखेच पासवर्ड निघतात आणि ते यादीत आधीपासून असतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनंही ही सक्ती आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं, दोन्ही सोडून द्यायला सांगितलं आहे. त्याऐवजी लांबी वाढवू द्यावी आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असलेला पासवर्ड ठेवताक्षणी नाकारावा, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं.

## कोणती पद्धत घ्यायची

नवं काम सुरू करत असाल तर आर्गॉन२आयडी घ्या. पासवर्ड हॅशिंगसाठी झालेल्या खुल्या स्पर्धेत २०१५ मध्ये आर्गॉन२ विजेता ठरला. त्याला वेळेबरोबर मेमरीही भरपूर लागते. ग्राफिक्स कार्डावर हजारो छोटे कोअर असतात, पण प्रत्येकाला द्यायला तेवढी मेमरी नसते, तिथे चोराची कोंडी होते. ओवॅस्प ही वेब सुरक्षेचं मार्गदर्शन करणारी संस्था किमान १९ एमबी मेमरी, २ फेऱ्या आणि १ समांतर धागा सुचवते. आर्गॉन२ मिळत नसेल तर एसक्रिप्ट ही तशीच मेमरी खाणारी पद्धत. जुनी यंत्रणा असेल तर बीक्रिप्ट, कॉस्ट १० च्या खाली कधीच नाही, शक्यतो १२. सरकारी नियमामुळे पीबीकेडीएफ२ (साधा हॅश लाखो वेळा काढायची पद्धत) घ्यावंच लागलं, तर शा-२५६ सोबत ६ लाख फेऱ्या.

हे आकडे आपल्या सर्व्हरवर मोजून ठरवा. एक हॅश काढायला किती मिलिसेकंद लागतात ते बघा आणि पाव सेकंदाच्या आसपास आणा. मग गर्दीचा विचार करा. निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला शंभर जण एकदम लॉगिन करत असतील, तर १९ एमबी गुणिले १०० म्हणजे जवळजवळ २ जीबी मेमरी फक्त हॅशिंगला लागेल. १ जीबीच्या स्वस्त सर्व्हरवर साइट झोपेल. त्यावर उपाय म्हणून हॅश हलका करू नका, एका वेळी किती हॅशिंग चालू द्यायचं याची रांग लावा. नोडमध्ये काम करत असाल तर सिंक असलेलं फंक्शन वापरू नका. एका माणसाचा हॅश होईपर्यंत बाकी सगळे ताटकळत राहतात.

स्वतःची पद्धत मात्र बनवू नका. एमडी५ वर शा-१, त्यावर पुन्हा एमडी५, मग ओळ उलटी करून... असा कोड मी बघितला आहे. लिहिणाऱ्यानं मनापासून लिहिलेला होता. पण चोराला तो कोड मिळाला की त्या चारपाच पायऱ्या त्याच्यासाठी क्षणाचं काम.

## चौथी पायरी: नोंदणी आणि लॉगिन

सॉल्ट स्वतः काढून, जोडून, वेगळ्या कॉलममध्ये ठेवायची आता गरज नाही. पीएचपीत ५.५ पासून पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय ही जोडी आहे. पहिलं फंक्शन सॉल्ट काढतं, दळतं आणि पद्धत, कॉस्ट, सॉल्ट, हॅश अशी सगळी माहिती एकाच ओळीत भरून देतं. बीक्रिप्टच्या ६० अक्षरी ओळीत पहिली ७ अक्षरं पद्धत आणि कॉस्टची, पुढची २२ सॉल्टची आणि शेवटची ३१ हॅशची असतात. जॅंगो, लाराव्हेल, स्प्रिंग सिक्युरिटी या वेबसाइट बनवायच्या तयार फ्रेमवर्कमध्येही अशीच सोय तयार मिळते. कॉलम २५५ अक्षरांचा ठेवा. ६० चा ठेवलात तर उद्या पद्धत बदलताना ओळ शेवटी कापली जाईल आणि कोणालाच लॉगिन करता येणार नाही.

लॉगिनच्या वेळी हॅश स्वतः 'बरोबर आहे का' म्हणून ताडू नका, व्हेरिफाय फंक्शनलाच ताडू द्या. साधी तुलना पहिलं चुकीचं अक्षर आलं की थांबते आणि लागलेल्या वेळेवरून माहिती झिरपते. युजरनेम सापडलंच नाही, तरी एक खोटा हॅश तपासून मगच 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा' असं उत्तर द्या. नाहीतर नसलेल्या खात्याचं उत्तर चटकन येतं, असलेल्याचं पाव सेकंदानं, आणि कोणाची खाती आहेत ते बाहेरून मोजता येतं.

चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा हवीच. आणि हॅशिंग ब्राउझरमध्ये करून सर्व्हरवर नुसतं ताडायचं, असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. तसं केलं तर तो हॅशच पासवर्ड बनतो, टेबल चोरणाऱ्याला तो जसाच्या तसा पाठवून आत येता येतं.

## मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी

हा भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सहसा नसतो आणि आपल्याला तो लागतो.

बीक्रिप्ट पासवर्डचे फक्त पहिले ७२ बाइट बघतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे तिकडे ही मर्यादा कोणाला जाणवत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कंप्युटरवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी आणि हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं आहेत. 'माझ्या गावात पाऊस उशिरा आला' ही पाच शब्दांची ओळ घ्या. तिच्यात २३ चिन्हं आणि ४ मोकळ्या जागा आहेत. ६९ अधिक ४, म्हणजे ७३ बाइट. मर्यादा इथेच ओलांडली. यापुढे युजरनं आणखी दहा शब्द लिहिले, तरी बऱ्याच लायब्ऱ्या ते गुपचूप टाकून देतात. काही एरर देतात, ते बरं.

ही मर्यादा किती महागात पडू शकते, ते २०२४ मध्ये ओक्टा या लॉगिनची सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत दिसलं. त्यांच्या एका सुविधेत युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून बीक्रिप्टनं दळले जात होते. युजरनेम ५२ किंवा अधिक अक्षरांचं असलं की पासवर्डला जागाच उरत नव्हती. आधीच्या यशस्वी लॉगिनची नोंद कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) असेल, तर काही परिस्थितीत पासवर्डशिवाय आत जाता येत होतं. आर्गॉन२आयडी घेतलं तर हा प्रश्न येत नाही. बीक्रिप्टच ठेवायचं असेल, तर पासवर्ड आधी एचमॅक-शा-२५६ मधून (गुप्त किल्ली मिसळून शा-२५६ काढायची पद्धत) काढा, बेस६४ करा, म्हणजे साध्या अक्षरांत लिहा, आणि मग बीक्रिप्टला द्या.

दुसरी अडचण दिसायला एक, पण आत वेगळं असण्याची. 'दऱ्या' हा शब्द एका कीबोर्डवर ऱ हे अक्षर वापरून लिहिला जातो, दुसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, हॅश मात्र पूर्ण वेगळा. तसंच 'ॲ' चं: काही ठिकाणी ते एकच चिन्ह असतं, काही ठिकाणी अ आणि वर चंद्र. माणूस फोनवर पासवर्ड ठेवतो, ऑफिसच्या कंप्युटरवर तोच टाइप करतो आणि 'चुकीचा पासवर्ड' ऐकतो. चूक त्याची नसते. निस्ट हॅश करण्याआधी युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे टाइप केलेलं एकच अक्षर एका रूपात आणणं, करायला सांगते, ते कराच. पण वरची दोन्ही उदाहरणं त्या प्रमाणीकरणानं एक होत नाहीत. त्यासाठी नोंदणी आणि लॉगिन दोन्हीकडे बदलांची एक छोटी यादी स्वतः लावावी लागते. ती सुरुवातीलाच ठरवा, कारण नंतर बदललीत तर जुने हॅश जुळणार नाहीत.

## पाचवी पायरी: जुन्या टेबलची सुटका

जुन्या एमडी५ वरून मूळ पासवर्ड काढता येत नाहीत, मग नवे हॅश कशाचे करायचे? 'युजर लॉगिन करेल तेव्हा बदलू' हे उत्तर अर्धंच आहे. जे पुन्हा कधीच येणार नाहीत, त्यांचे एमडी५ वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात, आणि त्यातच पास होऊन गेलेली सगळी मुलं असतात.

म्हणून मी जुन्या हॅशवरच बीक्रिप्ट चढवलं. कॉलममधली ३२ अक्षरी ओळ हाच पासवर्ड समजायचा, तिचा बीक्रिप्ट काढायचा, एमडी५ पुसून टाकायचा आणि शेजारी 'जुना' अशी खूण ठेवायची. हे सगळ्यांचं एका रात्रीत होतं, कोणाला विचारावं लागत नाही. लॉगिनच्या वेळी खूण 'जुना' असेल तर दिलेल्या पासवर्डचा आधी एमडी५ काढून मग ताडायचं. जुळलं, की खरा पासवर्ड त्या क्षणी हातात असतो. लगेच त्याचा सरळ नवा हॅश करून खूण काढून टाकायची. एमडी५ची ३२ अक्षरी ओळच द्या, कच्चे १६ बाइट देऊ नका. त्यात शून्य बाइट आला तर बीक्रिप्ट तिथेच थांबू शकतं.

ही मलमपट्टी आहे हे लक्षात असू द्या. दुसऱ्या एखाद्या साइटवरून फुटलेले एमडी५ चोराकडे असतील, तर मूळ पासवर्ड माहीत नसतानाही तो ते हॅश तुमच्या बीक्रिप्टवर चालवून बघू शकतो. म्हणून वर्षभरात लॉगिन न केलेल्या खात्यांचा हॅश काढूनच टाका आणि ते परत आले की लिंकनं नवा पासवर्ड ठेवू द्या.

पुढेही हे थांबत नाही. यंत्रं वेगवान होतात तशी कॉस्ट वाढवावी लागते. पीएचपीनंही २०२४ मध्ये ८.४ आवृत्तीत बीक्रिप्टची आपोआप मिळणारी (डिफॉल्ट) कॉस्ट १० वरून १२ केली. पासवर्ड_नीड्स_रिहॅश हे फंक्शन प्रत्येक लॉगिनला चालवलं की ज्याचा त्याचा हॅश आपोआप नव्या कॉस्टवर येतो.

## पेपर

सॉल्ट म्हणजे मीठ, तशी ही त्याच्या जोडीची मिरी: डेटाबेसच्या बाहेर ठेवलेली एक गुप्त किल्ली, सगळ्यांसाठी एकच. पासवर्ड तिच्यासह एचमॅकमधून काढायचा आणि मग दळायचा. नुसतं टेबल चोरीला गेलं, तर किल्लीशिवाय एकही अंदाज तपासता येत नाही. किल्ली हरवली तर मात्र सगळ्यांचेच पासवर्ड नव्यानं ठेवावे लागतात. वेगळ्या सुरक्षित जागी तिची प्रत ठेवता येत असेल तरच हे करा.

## सहावी पायरी: मागचं दार

ॲशली मॅडिसन या साइटचा डेटा २०१५ मध्ये फुटला. तिच्याकडे बीक्रिप्ट होतं, कॉस्ट १२ होती, सगळं नीट होतं. पण दुसऱ्याच एका कॉलममध्ये लॉगिनसाठीची एक खूण ठेवलेली होती आणि बऱ्याच खात्यांची ती खूण युजरनेम आणि पासवर्ड एमडी५ करून बनवलेली होती. अभ्यासकांनी बीक्रिप्टवर थेट हल्ला न करता त्या खुणांवरून काही दिवसांत १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड काढले. ट्विटरही बीक्रिप्टच वापरत होतं. तरी मे २०१८ मध्ये त्यांना आपल्या ३३ कोटी युजरांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं, कारण हॅश होण्याच्या आधीच पासवर्ड एका अंतर्गत लॉगमध्ये (यंत्रणेच्या कामाच्या नोंदवहीत) लिहिले जात होते.

तेव्हा आपल्या कोडमध्ये शोधा. विनंती जशीच्या तशी लॉगमध्ये जाते का? एरर आल्यावर फॉर्ममधलं सगळं ईमेलनं डेव्हलपरला येतं का? पासवर्ड बदलायच्या लिंकमधलं टोकन (ती लिंक ओळखणारी गुप्त अक्षरं) डेटाबेसमध्ये उघडं आहे का? त्या टोकनचाही हॅश ठेवा. ते लांब आणि यादृच्छिक असल्यामुळे तिथे साधा शा-२५६ चालतो, कारण अंदाज बांधायला त्यात काहीच नसतं.

आणि बॅकअप. त्या शिक्षणसंस्थेचं टेबल मी एका शनिवारी रात्री बदललं. सोमवारी ऑफिस उघडलं, नेहमीसारखी लॉगिन झाली, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मी मात्र त्यानंतरचे दोन दिवस जुन्या प्रती शोधण्यात घालवले. एक सर्व्हरच्या मुख्य फोल्डरमध्येच होती, जुन्या डेव्हलपरनं घाईत ठेवलेली. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की कोणालाही डाउनलोड करता आली असती. दुसरी होस्टिंगच्या रोजच्या बॅकअपमध्ये. तिसरी ऑफिसच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर, 'प्रवेश' असं मार्करनं लिहिलेली. तिन्ही पुसल्या. पहिली फाइल किती दिवस उघडी होती आणि कोणी उतरवून घेतली होती का, हे लॉगवरून ठरवता येईना, म्हणून ती गेलीच असं धरून चाललो. ट्रस्टींना तसं लेखी कळवलं. मग सगळ्या विद्यार्थ्यांना एसएमएस गेला: इथला पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड ईमेलला किंवा आणखी कुठे ठेवला असेल, तर आधी तिथला बदला.